पंगतीतल्या बाहुल्यांची नजर

शाल्मलीने शाळेत मैत्रिणीच्या मातीच्या हत्तीची सोंड मोडली. का, तर "बाईंनी तिलाच छान म्हटलं." पोरगी अशीच जळकी राहिली तर काय, या काळजीने मला झोप लागली नाही. धड रागावणं मला जमत नाही, म्हणून सकाळी तिची वेणी घालताना ही गोष्ट सांगितली.

एका गावात दोन जावा होत्या, मातीच्या बाहुल्या घडवणाऱ्या. बाहुल्या इतक्या हुबेहूब, की मातीच्या म्हातारीला लोक चुकून रामराम घालायचे.

पाटलीणबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. रुखवतात मांडायला मातीच्या माणसांची जेवणाची पंगत हवी होती. असलं काम नेहमी थोरलीकडे यायचं. या वेळी पाटलीणबाई म्हणाल्या, "दोघीही करा. जिवंत वाटेल ती नेईन."

थोरलीला ते झोंबलं. "हिला माती मळायला मी शिकवलं, आणि आता ही माझ्या बरोबरीला?"

त्या घरची रीत अशी, की बाहुलीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवायचे, आणि तेही समोर आरसा ठेवून, स्वतःच्या डोळ्यांत बघत. थोरलीने आरसा हळूच तिरका केला. पाठीमागे पडवीत बसलेली धाकटी आता त्यात दिसू लागली.

"जाऊबाई, जरा विसावा घ्या की," धाकटी म्हणाली.

"तू घे गं. तुझं काय, झटपट काम."

थोरली एक डोळा रंगवायची, की लगेच आरशातून धाकटीकडे बघायची.

पाटलीणबाई आल्या. धाकटीची माणसं आपापल्या पानात बघून जेवत होती. थोरलीची घडण त्याहून सुबक, लाडवाची कळीन् कळी दिसत होती. पण एकूण एक माणूस डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्या पानात बघत होता.

"अगं, ही जेवायला बसलीत, की दुसऱ्याला किती वाढलं ते बघायला?"

थोरलीने आपलं काम आत्ता कुठे नीट पाहिलं. ते डोळे तिचेच होते. रुखवतात धाकटीची पंगत गेली.

तात्पर्य, निदान मला सांगायचं होतं ते: दुसऱ्याच्या कामावर डोळा ठेवला, की आपल्या हातचं चांगलं कामही बिघडतं.

शाल्मलीने बराच विचार केला. मला वाटलं, पोचलं.

मग ती म्हणाली, "पण आई, शेजारच्या पानात लाडू खरंच जास्त होते का गं?"