येसाक्काची वाटी

बोरगव्हाणच्या वेशीला अजून दगडही बसला नव्हता, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गावात दाजीशास्त्री नावाचे वैद्य होते. पंचक्रोशीत त्यांच्या काढ्यांचा दबदबा, आणि स्वभाव असा की दुसऱ्याचं कौतुक कानावर आलं की यांचं पोट दुखायचं.

त्याच गावात येसाक्का कुंभारीण होती. अंगावरून वारं जाऊन लुळ्या पडलेल्या माणसांना ती पेज भरवायची. शास्त्रीबुवा रोग्याला मान मागे टाकायला लावत आणि भांडं ओठांना शिवू नये म्हणून काढा वरून ओतत. सोवळं राहायचं, पण काढा नाकातून बाहेर यायचा. येसाक्काकडे तोच रोगी वाटी संपवायचा. सात दिवस घशाखाली पाणीही न उतरलेल्या एका म्हाताऱ्याने तिच्या हातून दुधात कुस्करलेली अख्खी भाकरी खाल्ली, असं म्हणतात.

शास्त्रीबुवांचा नुसता जळफळाट झाला. हिच्याकडे मंत्रच असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. शेवटी न राहवून ते तिच्या चाकाशी जाऊन उभे राहिले. येसाक्काने सांगितलं, मंत्र कसला, हनुवटी छातीकडे न्यायची आणि गिळायचं. वर बघून पाणी पिणं कोंबडीला जमतं, आजारी माणसाला नाही. बाई लबाड आहे, असं पुटपुटत ते परतले.

पुढच्याच वर्षी खुद्द त्यांच्या अंगावरून वारं गेलं. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे बायको वरून ओतायची आणि ते गुदमरायचे. येसाक्काला बोलावू का, असं तिने विचारलं की डोळे मिटून घेत. पाच दिवस असेच उपाशी गेले. सहाव्या दिवशी बायको त्यांना न विचारताच तिला घेऊन आली.

येसाक्का बाजेपाशी जमिनीवर बसली आणि वाटी तिने खाली, मांडीवर धरली. आता घास हवा तर कुंभारणीपुढे मान लववायला हवी. शास्त्रीबुवा आढ्याकडेच बघत राहिले. पेज निवली. तिने दुसरी गरम आणवली, तीही निवली.

"माझ्याम्होरं नगा वाकू, शास्त्रीबुवा," ती म्हणाली. "निस्तं वाटीकडं बघा."

हळूहळू त्यांची मान खाली आली. पहिला घोट उतरला, त्याचा आवाज चावडीपर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात. बायको पदर डोळ्यांना लावून रडली.

शास्त्रीबुवा त्यापुढे अकरा वर्षं जगले. येसाक्काचा हेवा त्यांना शेवटपर्यंत वाटला, आणि तिच्याच हातून ते शेवटपर्यंत जेवले.

आजही बोरगव्हाणात आजाऱ्याला भरवणारा जमिनीवर बसतो. पौषात येसाक्काच्या नावाने गावजेवण असतं. त्या दिवशी कुंभारवाड्यातली बाई वाटी घेऊन खाली बसते, आणि शास्त्र्यांच्या घरातला थोरला मान लववून तिच्या हातचा घास घेईपर्यंत कोणीही जेवायला सुरुवात करत नाही.