सांजवर्गातले पाळणे

शाळा सुटली की वस्तीतली मुलं बागेतल्या निळ्या खोलीकडे धूम ठोकायची. तिथे मंदाताईंचा सांजवर्ग भरायचा. केशरी, पोपटी, जांभळे रंग! मातीचे इवले इवले हत्ती! गाणी, गोष्टी आणि मूठभर गूळ-शेंगदाणे! कस्तू मात्र, भावंडं सांभाळणाऱ्या आणखी दोघी-चौघींसारखी, खिडकीबाहेर उभी. आई कामाला गेलेली, म्हणून धाकटी बबडी कस्तूच्या कडेवर. आणि वर्गात तान्ही बाळं आणायची नाहीत, असा मंदाताईंचा नियम.

"ए कस्तू, बघ माझा हत्ती! तुला येतो का असा?" हर्षाली आतून चिडवायची.

"शी! डुक्करच दिसतंय ते," कस्तू म्हणायची. पण नजर काही त्या हत्तीवरून हलायची नाही.

एके दिवशी ती गुलबक्षीच्या ताटव्याआड जाऊन मुसमुसत बसली. बबडीने एक कळी मुठीत आवळली. "सोड गं, दुखेल तिला," म्हणत कस्तूने ती अलगद सोडवली. तोच कळी उमलली, अन् आतून बोटाएवढी गुलाबी परी!

"अगंबाई!" कस्तू केवढी दचकली.

"घाबरू नको, बाळे. दोन इच्छा माग. पहिली स्वतःसाठी, पण ती कुणाचं तरी काढूनच देता येईल मला. दुसरी मात्र दुसऱ्यांसाठीच."

"मला हर्षालीची जागा हवी!" कस्तू पटकन बोलून गेली.

झुळ्ळकन चांदणचुरा उडाला. कस्तू वर्गात, हातात मऊ मऊ माती! आणि खिडकीबाहेर हर्षाली, कडेवर किंचाळणारी बबडी. बरं झालं! कस्तूला वाटलं. मग हर्षालीने आत पाहिलं. ते पाहणं कस्तूला चांगलंच ठाऊक होतं.

हातातली माती खाली ठेवून ती पुटपुटली, "परी गं, हर्षालीची जागा हर्षालीला दे. आणि बाळं घेऊन बाहेर उभ्या राहतात ना, त्या सगळ्या तायांना आत घे. मी नसले तरी चालेल."

परी खुदकन हसली. "वेडाबाई! त्यातलीच एक तू नाहीस का?"

लखलख लखलख! हर्षाली पुन्हा आत, कस्तू बबडीला कडेवर घेऊन बाहेर. खोलीच्या आढ्याला चिमुकले, रंगीत पाळणे झुलू लागले. मंदाताई दारात आल्या. "चुकलंच माझं. या गं पोरींनो, बाळांसकट या!"

कस्तू सवयीने उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आता काय आमंत्रण हवंय?" हर्षालीने तिला हाताला धरून आत ओढलं. मागे गुलबक्षीवर गुलाबी उजेड एकदाच फुलला आणि परी त्यात विरून गेली.