राजभाटाच्या तीन पाट्या

एका राज्यात पृथुसेन नावाचा राजा होता. त्याच्या कोशागारात एका मांत्रिकाने दिलेल्या तीन वस्तू होत्या: कमंडलू, पंखा आणि शंख. माणसाने हात लावला की हात जळे. म्हणून मांत्रिकाने त्या हाताळायला एक दगडी सेवकही दिला होता, शिलाद त्याचे नाव. अंगी डोंगराचे बळ, आज्ञेला पक्का, पण जगातले काही म्हणजे काही ठाऊक नाही. वस्तूला साखळीने टांगलेली तांब्याची पाटी वाचावी आणि त्याबरहुकूम वागावे, एवढेच त्याला येई.

आणि पाट्या लिहिणार कोण, तर राजभाट. त्या राज्याची रीतच तशी होती, तलवार असो की तपेली, बिरुदावली गायल्याशिवाय ती राजवाड्यात येत नसे. कमंडलूवर लिहिले होते, 'शीतलतेचा सागर'. पंख्यावर, 'सर्व बंधनांचा चुराडा करणारा'. शंखावर, 'त्रैलोक्यात ज्याला तोड नाही असा'. वाचून ऊर भरून यावा, पण वस्तू करते काय, हे कोणाच्या बापाला कळू नये.

एके दिवशी राजा भर उन्हात शिकारीहून आला आणि म्हणाला, "शिलाद, मला गारवा दे." शिलादने पाट्या वाचल्या आणि कमंडलू राजावर रिता केला. कपाळाचा घाम पुसता पुसता राजा दगड झाला.

"फोडा त्या सेवकाला!" राजभाट म्हणाला.

राजाची धाकटी बहीण हिरण्मयी मध्ये उभी राहिली. आईबापांमागे याच भावाने तिला वाढवले होते. ती म्हणाली, "त्याने वाचले तसे केले. माझा भाऊ मला परत हवा आहे, आणि तो याच्याच हातून परत येईल. शिलाद, राजाला या बंधनातून सोडव."

शिलादने पंखा उचलला, एकदाच हलवला, आणि दरबाराचे छप्पर उडून नदीपार गेले. राजा जागचा हलला नाही.

तेव्हा खांबावर बसलेली साळुंकी बोलली. ती मांत्रिकाची साळुंकी, वस्तूंबरोबरच आलेली. "एक संधी गेली. तीनदा चुकलात तर राजा कायमचा दगड. त्याला उठवतो तो शंख."

"आधी का नाही सांगितलेस?" हिरण्मयीने विचारले.

"विचारले कुणी?" साळुंकी म्हणाली आणि पंख साफ करू लागली.

हिरण्मयीने शिलादकडून पाट्या सोडवून घेतल्या, चिंच आणि राख लावून स्वतः घासघासून कोऱ्या केल्या आणि शंखाच्या पाटीवर कोरले, 'दगडाला जिवंत करतो'. आता चूक होईलच कशी, असे तिला वाटले. शिलादने दाराशीच उभे राहून जोरात शंख फुंकला. पायऱ्या उठल्या आणि बागेत चालत्या झाल्या. जाते, पाटा, उंबरे, सगळे निघाले. राजाच्या कानापर्यंत मात्र काही पोचले नाही.

आता एकच संधी उरली. हिरण्मयीला रडू आले, ती रडली, आणि डोळे पुसून कामाला लागली. साळुंकीला तिन्ही वस्तूंविषयी खोदून खोदून विचारले. मग शंखाची पाटी पुन्हा कोरली: 'दगड झालेल्या माणसाला जिवंत करतो. त्या माणसाच्या कानाला लावून हळू फुंकावा. जोरात फुंकल्यास भोवतालचे सारे दगड उठतात. झोपलेल्या माणसासाठी वापरू नये, त्याला हाक मारावी.'

"यात ना अलंकार, ना अनुप्रास," राजभाट कळवळला. "शंखाची अब्रू गेली."

"माझा भाऊ जातो आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दोन पाट्याही तिने तशाच कोरल्या. मग आजवर कोणी केले नव्हते ते केले. शिलादला समोर बसवले. "वाच, आणि काही करण्याआधी मला सांग, तुला काय कळले?"

शिलादने वाचले आणि विचारले, "हळू म्हणजे किती?"

हिरण्मयीच्या ध्यानात आले, डोंगराचे 'हळू' म्हणजे वादळ. तिने समई आणवली, तिच्यासमोर त्याला फुंकायला लावले, आणि ज्योत हलेल पण विझणार नाही एवढा श्वास त्याला साधल्यावर तेच पाटीवर कोरले. मग आज्ञा दिली.

शिलादने राजाच्या कानाला शंख लावून फुंकला. अर्धवट राहिलेला हात कपाळावरून फिरला, घाम पुसला गेला. हिरण्मयी भावाच्या गळ्यात पडली. तोवर दगडांवरची शंखाची माया सरली, पायऱ्या बागेतून परत आल्या आणि जाते-पाटे आपापल्या जागी बसले.

राजाला यातले काय ठाऊक? तो म्हणाला, "फार उकडते आहे. शिलाद, मला गारवा दे."

हिरण्मयी पुढे धावणार होती, पण थांबली. शिलादने कमंडलू उचलला आणि वाचले, 'याचे पाणी जिवंत माणसाला दगड करते. गारव्यासाठी वापरू नये.' त्याने कमंडलू खाली ठेवला. मग पंखा घेतला आणि वाचले, 'वारा घालतो. माणसासाठी एका बोटाने हलवावा.'

आणि त्याने एका बोटाने पंखा हलवला. राजाने सुखाने डोळे मिटले. त्या राज्यात पुढे राजाची बिरुदावली भाटच गात राहिला, पण पाट्या मात्र हिरण्मयीने लिहिल्या, आणि शिलादने वाचून दाखवल्याशिवाय एकही वस्तूवर चढली नाही.