जंतांची पुडी

"मग चूर्णात तुम्ही आणखी काय घालत होता, महाराज? एकदाचं सांगून टाका."

नरहरी वैद्याने हे तिसऱ्यांदा विचारलं. केशवगिरी महाराज ऐकून न ऐकल्यासारखं करत मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

ओसरी तीच होती. इथेच आठ वर्षं महाराजांच्या हाताखाली नरहरीने खलबत्त्यात जंतांवरचं वावडिंग कुटलं होतं. तो उग्र वास अजून तिथे होता. त्या दिवसांइतकं सुख पुढे कधी लाभलं नाही, हे त्याला आताशा कळू लागलं होतं. पण आज तो जाब विचारायला आला होता. तालुक्यातला नावाजलेला वैद्य तो, आणि त्या नावाला जंतांनी बट्टा लावला होता.

"वाघदऱ्यातली चिमी, पाच वर्षांची पोर. तीनदा औषध दिलं. तिन्हीदा जंत पडले, तिन्हीदा पुन्हा झाले. परवा आतड्यात जंतांचा गोळाच अडकला. शहरात नेऊन पोट फाडावं लागलं. वाचली... थोडक्यात वाचली. तिची आई आता मला दारात उभं करत नाही."

"हं."

"तुमच्या वेळी एकदा पडलेले जंत परत येत नसत. मी डोळ्यांनी पाहिलंय. काहीतरी गुपित आहे. ते तुमच्याबरोबर जाऊ देऊ नका."

महाराजांनी शेंग खाली ठेवली. "पुडीबद्दल लोकांकडून काय घेतोस?"

"काही नाही!" नरहरी ताठ बसला. "जंतांचं औषध मी फुकट देतो."

"मी घेत होतो."

"...हो. तुम्ही घेत होता."

महाराजांनी त्याचा हात ओढून घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला. "मऊ झाला रे. घट्टे कुठे गेले?"

नरहरीला हसू आलं. महाराजांची दक्षिणाच जगावेगळी. घरच्यांनी परसात कमरेइतका खड्डा खणायचा, भोवती कुडाचा आडोसा करायचा आणि लहानथोरांनी शौचाला तिथेच बसायचं. त्याशिवाय पुडी मिळायची नाही. म्हाताऱ्या बोटं मोडत. 'खड्डेबुवा आले' म्हणत लोक दारं लावून घेत. घरात खणणारं कुणी नसलं की कुदळ नरहरीच्या हातात यायची. किती लाज वाटायची तेव्हा! स्वतःचा दवाखाना काढला, त्या दिवशी त्याने सगळ्यात आधी ती दक्षिणा बंद केली होती, मोठ्या अभिमानाने.

हसता हसता तो थांबला.

"चिमी... अंगणातच बसते ती शौचाला. आणि खेळतेही तिथेच."

महाराजांनी खाली ठेवलेली शेंग पुन्हा उचलली.

"म्हणजे, महाराज... औषध..."

"औषध तर ते खणायचे, नारबा. पुडी ही मी त्यांना द्यायची दक्षिणा."