पोवळीनं मागितलेलं रडू

साखरेसारखी पांढरी वाळू आणि मोरपिशी समुद्र. त्या काठावर एक इवलासा कोळीवाडा होता. तिथे पोवळी नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. ज्या होडीतून तिचे बाबा मासे धरायला गेले, ती वादळात सापडली. होडीत आणखीही कितीतरी घरांची माणसं होती. वादळ शमलं, समुद्र पुन्हा निळाशार झाला, पण होडी काही आली नाही.

मोठ्या बायका म्हणाल्या, "कुणी रडायचं नाही. रडलं की समुद्राला वाटतं, यांनी आशा सोडली. मग तो माणसं परत देत नाही."

म्हणून कुणीच रडत नव्हतं. दुसऱ्याचं तोंड पाहिलं की रडू फुटेल, या भीतीनं कुणी कुणाच्या दारातही जात नव्हतं. पोवळीच्या आईनं तर बोलणंच सोडलं. चूल कधी पेटे, कधी नाही. पोवळी उपाशीच निजायची, आणि तिच्या छातीत ओल्या वाळूचा गोळा बसल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी ती काटक्या वेचायला केवड्याच्या बनात गेली. सोनेरी कणसं घमघमत होती. काट्यांत जाळ्याचा एक तुकडा अडकला होता आणि त्यात गुंतली होती करंगळीएवढी परी. तिचे नाजूक पंख शिंपल्याच्या पोटासारखे होते, गुलाबी, मोतिया, चंदेरी. पोवळीनं एकेक धागा हलकेच सोडवला. बोटं रक्ताळली, पण तिनं पंखांना धक्का लागू दिला नाही.

"एक इच्छा माग, सोनुले," परी म्हणाली. "पण जे मिळेल ते लपवायचं नाही. सगळ्यांसमोर न्यायचं."

"माझे बाबा दे."

परीच्या पंखांची चमक मावळली. "ते मला देता येत नाहीत, बाळा. समुद्रात बुडालेलं माणूस कुणालाच परत आणता येत नाही."

हे पोवळीला आतून ठाऊक होतं. पण आजवर कुणी तसं म्हटलं नव्हतं.

"तुझं दुःख काढून घेऊ?" परीनं हळूच विचारलं. "मग तू पुन्हा हसशील, बागडशील. पण दुःखाबरोबर बाबांची आठवणही जाईल."

बाबांचा खारट वासाचा खांदा पोवळीला आठवला. "पोवळे, ए पोवळे" ही किनाऱ्यावरून येणारी त्यांची हाक आठवली.

"नको," ती म्हणाली. "मला रडू दे. माझ्या आईला रडता येत नाही गं. मी रडले तर तिलाही येईल."

परीनं तिच्या पापण्यांवरून इवलंसं बोट फिरवलं. पोवळीच्या डोळ्यांतून टपोरे, लखलखते थेंब ओघळू लागले. तशीच रडत ती भर उन्हात किनाऱ्यावर गेली. तिथे बायका मुकाट्यानं जाळी शिवत होत्या.

"गप, पोरी," मथुरामावशी दरडावून म्हणाली. तिचा मुलगा धर्माही त्याच होडीत होता. "समुद्र ऐकेल."

"ऐकू दे, मावशी. बाबा येणार नाहीत. आपला धर्मादादाही येणार नाही."

मथुरामावशीनं मारायला हात उगारला. पण तो तसाच खाली आला. तिनं पोवळीला छातीशी ओढलं आणि हंबरडा फोडला, "माझ्या धर्मा रे..."

मग कुणालाच आवरेना. एकेक बाई आपल्या माणसाचं नाव घेऊन रडू लागली. घरात बसलेली पोवळीची आई दाराचा आधार घेत उठली, अडखळत वाळूत आली आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला. ते पोवळीच्या बाबांचं नाव होतं. बायकांनी तिला मध्ये घेतलं. कुणी तिचे केस सारखे केले, कुणी पाणी पाजलं. समुद्रानं काहीच परत दिलं नाही. तो नुसता वाजत राहिला.

सांज झाली तरी कुणी घरी गेलं नाही. मथुरामावशीनं उघड्यावरच तीन दगडांची चूल मांडली, सगळ्यांसाठी भात टाकला. आईनं पोवळीला मांडीवर घेतलं आणि बाबा पहिल्यांदा होडीवर गेले तेव्हा कसे घाबरले होते, ते सांगू लागली. सांगता सांगता ती रडत होती आणि कुणी तिला थांबवत नव्हतं.

तेवढ्यात केवड्याच्या बनातून परीच्या पंखांसारखा मोतिया उजेडाचा ठिपका वर आला. तो मोठा झाला, रडणाऱ्या ओल्या चेहऱ्यांवरून हलकेच फिरला आणि मावळत्या उन्हात विरून गेला.