तारप्याची हद्द

कड्याच्या टोकाला तो उभा दगड दिसतो ना, तिथे वारल्यांची हद्द संपते. दगडाच्या अलीकडची खाचरं आणि झरा, सगळं एके काळी कुणब्यांचं होतं. ते कसं गेलं, हे गावातली म्हातारी माणसं अशी सांगतात.

फार पूर्वी एक राजा शिकारीत वाट चुकला. वारल्यांनी त्याला रानातून सुखरूप बाहेर आणलं. राजा म्हणाला, "पाड्यावरचा तारपा जिथवर ऐकू येईल, तिथवरची जमीन तुमची." वारली म्हणाले, "मग शेजाऱ्याच्याच कानाने ठरू दे, म्हणजे पुढे तंटा नको." शेजारी म्हणजे रावजी कुणबी. सूर तुटेल तिथे काठी रोवीन, अशी त्याने वारल्यांच्या हिरवा देवापुढे शपथ घेतली.

तो निघाला तेव्हा तारपा वाजवणारा जान्या हसला. "रावजी, कानात कापूस नाही ना?"

"असला तर तुझ्या तारप्याच्या भोपळ्यात कोंबीन."

सूर ओढ्यापाशी विरेल, असं सगळेच धरून होते. पण त्या संध्याकाळी वारा फिरला म्हणे. रावजीने ओढा ओलांडला, मग स्वतःचा बांधही. झऱ्यापाशी धाकटा भाऊ धाकू वाट पाहत होता.

"दादा, रोव की आता."

"ऐकू येतोय."

"आपलं पाणी जाईल. कोण बघतंय इथे?"

"अरे, पण येतोय ना."

धाकू चिडून पाठ फिरवून बसला. वळून पाहिलं तेव्हा रावजी डोळे मिटून कड्याच्या टोकाशी पोचला होता. धाकूने हाक मारली. पण तारपा ऐकत चाललेल्या त्या कानांना ती लागली नाही.

रावजी कड्यावरून गेला, त्या रात्री पाड्यावर चूल पेटली नाही. जमीन परत द्यावी, तर देवापुढचा शब्द मोडतो. शेवटी वारल्यांनी वाट काढली. दर वर्षी नवं भात आलं की तारपा वाजवायचा आणि कड्यावर उभ्या धाकूला विचारायचं. तो 'नाही' म्हणाला की जमीन त्याची.

पहिल्या वर्षी धाकू 'नाही' म्हणायचं ठरवूनच आला. वारा पडला होता. जान्या मुद्दाम हलकेच फुंकत होता. कड्यावर खरोखरच काही पोचत नव्हतं.

शेजारी उभ्या वारल्यांच्या लाखमा म्हाताऱ्याने विचारलं, "धाकूभाऊ, ऐकू येतं का?"

धाकूचे ओठ हलले. नाही म्हणावं, तर मग दादा कशामागे चालत गेला?

"येतं," तो म्हणाला.

लाखमाने मान खाली घातली. धाकूने त्याच जागी दगड उभा केला आणि झरा सोडून, रिकामा हंडा घेऊन नदीची लांबची वाट धरली.

आता पाडा डोंगरापलीकडे गेलाय. आजही नवं भात आलं की धाकूच्या घरचं कोणीतरी त्या दगडापाशी येऊन उभं राहतं. वारली विचारतात, "ऐकू येतं का?" कान देऊन ते बराच वेळ थांबतं. पानसुद्धा वाजत नाही.

"येतं."

मग ते हंडा उचलून नदीकडे उतरतं.