ओला साचा

घाटाखालच्या एका गावात विसाजी नावाचा एक ओतारी होता. समया, टाळ, घंटा असं ओतीव काम त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. त्याच्या हातच्या घंटेचा नाद दोन कोसांवर ऐकू जाई. पंचक्रोशीत त्याला मान होता आणि तो त्यानं कष्टानं मिळवला होता. अंगात ताप फणफणत असतानाही त्यानं कधी भट्टी सोडली नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली होती. ती तो आल्यागेल्याला अभिमानानं दाखवी.

पण त्याच्या मनात एक गाठ होती. आपल्यामागून जन्मलेला प्रत्येक माणूस त्याला आळशी वाटे.

"हल्लीची पोरं अंग राखून काम करतात," तो म्हणे. "आमची हाडं भट्टीपाशी झिजली. यांना सावली आधी, काम मागून."

तरुणपणी विसाजीचा बापही त्याला असंच ऐकवायचा. पण ते तो केव्हाच विसरून गेला होता.

त्याच्या हाताखाली दोन कारागीर होते. बाळोबा त्याच्याच वयाचा, साठी उलटलेला. दुसरा गुणाजी, पलीकडच्या आळीतल्या रावजीचा मुलगा. त्याला चोविसावं लागलं होतं. गुणाजी दिवस उगवताना येई आणि दिवस मावळला की हातपाय धुऊन घरी जाई. काम संपल्यावर मालकाच्या डोळ्यांत भरावं म्हणून उगीच घुटमळत नसे. साच्याची माती तो चारचारदा चाळी. साच्याशेजारी उकिडवा बसून, बोटांनी चाचपत, बराच वेळ नुसता पाहत राही. त्यानं घडवलेल्या साच्यातून निघालेल्या भांड्याला कधी छिद्र पडत नसे. विसाजीला ते ठाऊक होतं. पण ते बसणंच त्याच्या डोळ्यांत सलत असे. रावजी वाटेत भेटला की तो म्हणे, "पोरगा हुशार आहे रे तुझा. पण कामाचा भारी कंटाळा." रावजी मान खाली घाली.

एका वर्षी गावच्या पाटलानं देवीच्या देवळासाठी काशाची मोठी घंटा सांगितली. यात्रेच्या आत ती टांगायची होती. विसाजीनं शब्द दिला. साचा तयार झाला. पण आभाळ भरून आलं आणि आठवडाभर ऊन म्हणून पडलं नाही. शेवटी साच्याभोवती गोवऱ्या पेटवून तो वाळवावा लागला.

यात्रा चार दिवसांवर आली. त्या सकाळी विसाजीनं भट्टी पेटवायला सांगितलं. पाटील आणि गावातली पाचसहा मंडळी घंटा ओतताना पाहायला आली होती. गुणाजी साच्याजवळ बसला. त्यानं पितळेचं एक थंड झाकण साच्याच्या तोंडावर धरलं आणि थोड्या वेळानं उलटून विसाजीपुढे केलं. झाकणावर बारीक दव जमलं होतं.

"काका, साचा आतून ओला आहे," तो म्हणाला. "अजून दोन दिवस शेक द्यायला हवा. तापलेला काशाचा रस ओलीवर पडला तर साचा फुटेल."

विसाजीनं पाटलाकडे पाहिलं. चार लोकांत दिलेला शब्द होता. आणि थांबायला सांगत होता कोण, तर गुणाजी. विसाजीनं झाकणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही ओल तुझ्या हाताच्या घामाची असेल. पण छे, तुला घाम कुठला यायला!"

मंडळी हसली. पाटीलही हसला. गुणाजीचा चेहरा उतरला. तो बाळोबाकडे वळून म्हणाला, "तुम्ही तरी बघा एकदा."

बाळोबानं साच्याला हात लावला. ओल त्यालाही जाणवली. पण आत्ताच उडालेला हशा त्याच्या कानात होता. या वयात आपल्यालाही कोणी कामचुकार म्हणावं, हे त्याला नको होतं. "चालेल," तो पुटपुटला.

रस तयार झाला. रसानं भरलेली, लाल झालेली मूस लांब सांडशीनं दोघांनी उचलायची, असा रिवाज होता. पुढची बाजू साच्याच्या तोंडाशी येई. ती नेहमी बाळोबा धरी. त्या दिवशी गुणाजी न बोलता पुढे झाला. "तुम्ही मागं धरा," एवढंच तो बाळोबाला म्हणाला.

विसाजीला बरं वाटलं. टोचून बोलल्याशिवाय ही पोरं हलत नाहीत, असं त्याच्या मनात आलं.

रसाची धार साच्यात पडली. आत गुरगुर झाली. पुढच्या क्षणी तोफ उडावी तसा साचा फुटला आणि उकळता रस वर उसळला.

बाळोबाचे पाय भाजले. विसाजीचा डावा डोळा गेला. गुणाजी संध्याकाळपर्यंत जगला. त्या अवधीत तो एकही शब्द बोलू शकला नाही.

तिसऱ्या दिवशी पाटलानं चावडीवर माणसं बोलावली. विसाजी डोळ्याला पट्टी बांधून आला. "हे कसं झालं?" पाटलानं विचारलं. आपण हसलो होतो, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. बाळोबा जमिनीकडे बघत म्हणाला, "पोरानं धार नीट धरली नसेल." कोणीतरी री ओढली, "हल्लीच्या पोरांचं लक्षच नसतं कामात."

विसाजी गप्प राहिला. गप्प राहिलं की नाव वाचत होतं.

तेव्हा कोपऱ्यातून रावजी उठला. त्यानं विसाजीला हात जोडले. "विसाजीदादा, तुम्ही मला किती वेळा सांगितलं होतंत, पोराला कामाचा कंटाळा आहे म्हणून. मीच त्याला वळण लावलं नाही. त्याच्यापायी तुमचा डोळा गेला. माफ करा."

विसाजीला ते सोसवलं नाही. तो ताडकन उठला. "नाही रावजी," तो म्हणाला. "तुझ्या पोरानं ओल ओळखली होती. थांबा म्हणाला होता. मी ऐकलं नाही. वर चारचौघांत त्याला हसलो, म्हणून तो पुढं उभा राहिला."

रावजीनं विसाजीच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूहळू खाली बसला.

"त्या दिवशी निघताना तो जेवला नाही," तो म्हणाला. "साचा ओला आहे, मन धजत नाही, म्हणत होता. मी म्हटलं, कामाला जायचा कंटाळा, म्हणून ही निमित्तं. विसाजीदादा म्हणतात ते खोटं नाही. तेच ऐकून गेला तो घरातून."

रावजीला उठवायला पुढे होण्याऐवजी विसाजीही त्याच्यासमोर खाली बसला. दोघे म्हातारे एकमेकांसमोर तसेच बसून राहिले, आणि एकेक करून माणसं चावडीवरून निघून गेली.

तात्पर्य: तरुण माणूस 'थांबा' म्हणाला, तर त्याचं वय पाहू नये, तो काय दाखवतो ते पाहावं. पिढीला लावलेला बोल शेवटी एखाद्याच्या जिवावर बेततो, आणि मागून सांगितलेलं खरं गेलेल्याच्या कानी पडत नाही.